हरकत आहे का कुणाची?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा इथला, जर्मन. तो म्हणतो, "वेधशाळेने सांगितलेला पाऊससुद्धा तू खिडकीतून हात बाहेर काढून तपासतेस." खरं आहे. फ्रांकफुर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गला संसार थाटून इतकी वर्षं झाली, तरी कुणी जरा जास्त गोड बोललं की माझे कान टवकारतात. माझ्या धंद्यात हा स्वभाव उपयोगीच पडतो. मी शपथ घेतलेली दुभाषी आहे, इंग्रजीचं जर्मन आणि जर्मनचं इंग्रजी करते. कोर्टात असो, दवाखान्यात असो, मधल्या खुर्चीत बसलेल्या बाईकडे दोन्ही बाजू सारख्याच नजरेने बघतात. ही नक्की समोरच्यांना फितूर असणार, असं प्रत्येकाला वाटत असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांच्या जागी मीही तसंच बघितलं असतं.

त्या वर्षी वसंतात एका संग्रहालयाचं काम आलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी माझं काही भांडण नाही. त्यांच्याकडे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या अस्थी होत्या. वसाहतींच्या काळात कुणीतरी कबरी उकरून आणल्या, कवट्यांची मापं काढली आणि कपाटात ठेवून दिल्या. आता संग्रहालय त्या परत करणार होतं. घ्यायला तिकडच्या सरकारची एक अधिकारी येणार होती, स्वतः त्याच लोकांतली, आणि तिच्याबरोबर त्या मुलखातला एक म्हातारा. संग्रहालयाने स्वतःचा दुभाषी देऊ केला होता, तो तिने नाकारला आणि बाहेरचा मागितला. हे ऐकूनच बाई मला पटली.

ट्रेनमध्ये मी बैठकीची कागदपत्रं वाचली. स्वागत, भाषणं, हस्तांतरण, पत्रकार. सगळं शोभेचं. आणि तळाला एक मुद्दा होता. काही वर्षांपूर्वी संशोधनासाठी या अस्थींतून थोडे नमुने काढले होते, मुख्यतः दातांची पूड. ती पूड भरलेल्या बारक्या काचेच्या नळ्या संग्रहालयाला ठेवून घ्यायच्या होत्या. त्यासाठी पाहुण्यांची संमती हवी होती. म्हणजे माणसं परत द्यायची, पण चिमूटभर ठेवून घ्यायची. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. भांडण झालं तर इथेच होईल, आणि झालं नाही तर का झालं नाही हे मला बघायचं होतं.

हॉटेलच्या नाश्त्याला दोघं भेटली. म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता, हॅट गुडघ्यावर, चहात भरपूर साखर. अधिकारीणबाई साठीच्या आसपासची, निळा कोट, गळ्यात सरकारी ओळखपत्र. तिने माझं नाव विचारलं नाही. विचारलं ते असं, "तू कुठली? तुझे लोक कोण?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलेय. फ्रांकफुर्टच्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला बायका विचारतात, "हे आडनाव कधी ऐकलं नाही हो, मूळचे कुठले तुम्ही?" मी नाशिक सांगते आणि चकलीचं कौतुक सुरू करते. आम्ही आदिवासी आहोत हे मी तिथे कधी सांगितलं नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, सिद्ध करण्याचा कंटाळा आला म्हणून. कॉलेजच्या प्रवेशासाठी जातपडताळणी समितीसमोर उभी राहिले होते तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, तुमचे देव कोणते, लग्नात काय गातात, माणूस गेल्यावर काय करतात. मी सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली पोर. एका उत्तराला अडखळले, तर त्यांनी चोर पकडल्यासारखं माझ्याकडे बघितलं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ही समिती ज्याची, त्याच आदिवासी विकास खात्यात अधिकारी होते. ते बाहेर व्हरांड्यात उभे होते आणि आत येऊ शकत नव्हते. तेव्हापासून कुठली तू, असं कुणी म्हटलं की मला ते टेबल दिसतं.

"मी दुभाषी आहे," मी म्हटलं. "माझ्या लोकांचा इथे संबंध येत नाही."

"बरं," ती म्हणाली. "वाटेल तेव्हा सांग." आणि मग न विचारता तिने स्वतःचं सांगितलं. आईचा मुलूख कोणता, नदी कोणती, आजीला कुठल्या मिशनमध्ये डांबलं होतं. ज्या खात्याने आजीची मुलं काढून नेली, त्याच खात्यात ही टायपिस्ट म्हणून लागली होती. मग जमिनीचे दावे, घरं, दवाखाने, आणि शेवटी हे काम, जगभरच्या कपाटांतून आपली माणसं घरी नेण्याचं. या वर्षी निवृत्त होणार होती. "आमचेच लोक मला नारळ म्हणतात," ती हसून म्हणाली. मला कळेना. आमच्याकडे नारळ देवाला वाहतात. मग तिने सांगितलं, बाहेरून तपकिरी, आतून पांढरा. सरकारचा पगार घेतला की हे ऐकावंच लागतं.

खरं सांगते, मला तिची दया आली नाही. संशय आला. कारण आमच्या घरातही एक नारळ होता.

आबांचा पाडा धरणात गेला. मी तेव्हा लहान होते. पाडा हलवण्यासाठी जिल्ह्याचे साहेब आले, शाळेच्या अंगणात सभा झाली, आणि खात्याचा माणूस म्हणून आबा साहेबांच्या बाजूच्या खुर्चीत बसले होते. सभेच्या कागदावर लिहिलं गेलं, ग्रामसभेची हरकत नाही. पुढे एका लग्नात माझी आत्या सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुझ्या बापानं लिहून दिलं बरं ते." त्यानंतर आम्हाला त्या बाजूची आमंत्रणं येणं कमी झालं. मी आबांना कधी विचारलं नाही. पण त्यांनी काही लिहिलेलं दिसलं, नुसतं किराणा सामान लिहिलेलं असलं तरी, माझ्या मनात आधी ते अंगण येई. आपला माणूस सरकारच्या खुर्चीत बसला की तो आपला राहतो का? हा प्रश्न मी त्या बाईला नव्हे, आबांना विचारत होते. पण समोर ती होती.

संग्रहालयात पोचल्यावर माझा संशय चांगलाच पोसला गेला. संचालक उंच, सभ्य, मनापासून बोलणारे गृहस्थ होते. "ओब्येक्ट", म्हणजे वस्तू, म्हणायचे, मग जीभ चावून "मानवी अवशेष" म्हणायचे. अधिकारीणबाई कुठलाच शब्द घ्यायला तयार नव्हती. ती "आमची म्हातारी माणसं" म्हणायची, आणि मला बजावलं होतं, मी जे म्हणेन तेच जर्मनमध्ये म्हणायचं, सजवायचं नाही. त्यामुळे मी दिवसभर एका गंभीर सभागृहात म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलत होते, आणि दर वेळी टायपिंग करणारी बाई माझ्याकडे वर बघत होती.

बैठकीआधी कॉफी होती. मी कप भरून वळले तर खिडकीशी अधिकारीणबाई आणि संचालक हसत उभे. संचालकांचं इंग्रजी तेवढ्यापुरतं चालायचं. बाराला पत्रकार येणार आहेत, असं काहीतरी ते म्हणत होते. तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "वेळेची काळजी करू नका. ते माझ्यावर सोडा."

झालं, मी मनात म्हटलं. ठरलं यांचं. निवृत्तीच्या वर्षी कुणाला भांडण हवं असतं? फोटो छान येईल, नळ्या इथेच राहतील, घरी गेल्यावर ही सांगेल की सगळं नीट पार पडलं. म्हाताऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होता. त्याला या दोघांचं बोलणं ऐकू आलं की नाही, कळलं नाही. मला त्याच्यासाठी भयंकर राग आला.

बैठक सुरू झाली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललं की मला जास्तच भीती वाटते. तळाचा मुद्दा आला. संचालकांनी वाचलं की नमुने संग्रहातच राहतील, पाहुण्यांना विचारल्याशिवाय त्यांना कुणी हात लावणार नाही, आणि पुढच्या संशोधनातून पाहुण्यांनाही त्यांचा इतिहास कळेल. मी एकेक वाक्य इंग्रजीत केलं. मग त्यांनी विचारलं, "हरकत आहे का कुणाची?"

मी तेही विचारलं.

कुणी बोललं नाही. म्हातारा हॅटची कड बोटांनी फिरवत होता. अधिकारीणबाई टेबलाकडे बघत होती. संचालकांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा दोघांकडे, आणि मान डोलावली. "गेनाऊ, बरोबर," ते टायपिंग करणाऱ्या बाईंना जर्मनमध्ये म्हणाले. "प्रोटोकोलमध्ये घ्या. पाहुण्यांची हरकत नाही." बाईंची बोटं चालू लागली, बैठकीच्या अधिकृत नोंदीत ते वाक्य उतरलं.

यात संचालकांची लबाडी नव्हती, हे मला आज मान्य आहे. इथे बैठकीची रीतच तशी आहे. ज्याला बोलायचं तो बोलतो, न बोलणाऱ्याची संमती धरतात आणि पुढचा मुद्दा घेतात. नवऱ्याच्या फर्ममध्ये, मुलीच्या शाळेत, आमच्या इमारतीच्या घरमालकांच्या सभेत, सगळीकडे मी हेच बघितलंय. पण आमच्या पाड्यावर उलटं होतं. मोठी गोष्ट विचारली की तिथल्या तिथे तोंड उघडणं हलकेपणाचं समजायचे. आधी सगळे गप्प बसायचे. तंबाखू मळायचे, जमिनीकडे बघायचे. मग कधीतरी तरणी माणसं बोलायची, आणि सगळ्यात म्हातारं माणूस, पाड्याचा आजा, सगळ्यात शेवटी. विचारणाऱ्याने तेवढं थांबायचं असतं. साहेब थांबले नव्हते.

आणि इथे, भलत्याच देशात, गुळगुळीत टेबलावर, बारक्या बाटल्यांतल्या सोड्याच्या पाण्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत तेच अंगण पुन्हा भरलं होतं. खात्याचं माणूस शेजारी बसून टेबलाकडे बघत होतं.

दुभाष्याला स्वतःचं मत नसतं. कुणी जे बोललं तेच सांगायचं, जे बोललं नाही ते सांगायचं नाही. गप्प बसण्याचं भाषांतर करायला मला कुणी नेमलं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या कामात बसत होती. संचालक टायपिस्टबाईंना जे म्हणाले, ते याच खोलीत म्हणाले होते, आणि या दोघांना जर्मन येत नव्हतं. मी ते वाक्य मोठ्याने इंग्रजीत सांगितलं. मग दोन्ही भाषांत म्हटलं, "दुभाषी म्हणून मी एवढंच नोंदवते, की या मुद्द्यावर पाहुण्यांनी अजून काहीही म्हटलेलं नाही."

टायपिंग थांबलं. संचालकांचे कान लाल झाले. मी अधिकारीणबाईकडे बघितलं नाही. तिचा बेत मी मोडला असेल तर ती आता माझ्यावर उखडेल, अशी माझी खात्री होती.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि पाठ टेकून बसली. "बरोबर आहे तिचं," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही अजून काही म्हटलेलं नाही. आम्ही विचार करतोय. तुम्ही कॉफी घ्या ना."

"पण बाराला पत्रकार..."

"मी म्हटलं होतं, वेळेची काळजी करू नका. आम्हाला संध्याकाळपर्यंत ही खोली चालेल. परतीची गाडी मी रद्द केलीय."

आता मला कळलं, खिडकीशी काय चाललं होतं. संचालकांना वाटलं होतं, बाई लवकर आटपणार. बाई सांगत होती की ती उठणारच नाही.

मग आम्ही बसलो. जर्मन माणसाला बैठकीत नुसतं बसवून ठेवणं ही फार अवघड गोष्ट आहे. संचालकांनी कागद सारखे केले. मग पुन्हा सारखे केले. टायपिस्टबाईंनी हवा यावी म्हणून खिडकी सताड उघडली, थंडी वाजायला लागल्यावर लावून घेतली. बाराला कुणीतरी दार उघडून आत डोकावलं, तर अधिकारीणबाईने त्यांना हात करून गोड हसून घालवलं. तिच्या चेहऱ्यावर घाई म्हणून नव्हती. मी इतक्या बैठका बघितल्या, पण खुर्चीत बसणं हे इतकं मेहनतीचं काम असू शकतं हे तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिच्या मानेची शीर ताठ झाली होती.

शेवटी म्हाताऱ्याने हॅट टेबलावर ठेवली. तो इतका हळू बोलत होता की मला पुढे वाकावं लागलं.

"तुमच्या त्या कपाटात एक बाई आहे," तो म्हणाला. "आमच्याकडची. मी तिला घरी नेऊन मातीत ठेवणार. ठेवताना तिच्याशी बोलावं लागतं. मी तिला काय सांगू? तुझं थोडंसं मागे राहिलंय, पण ते चांगल्या लोकांकडे आहे?" तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. "ती मला विचारेल, मग तू काय म्हणालास. मला खोटं सांगता येत नाही. तिला सगळी न्यायची आहे."

हे जर्मनमध्ये सांगताना मी अर्ध्यावरच अडले. पाणी पिऊन मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण अर्धवट सांगणं त्या दिवशी मला शक्यच नव्हतं.

संचालकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मग टायपिस्टबाईंना म्हणाले, "ते वाक्य काढा." मग आम्हाला म्हणाले, "नळ्या आजच बरोबर जातील. आमच्या समितीला काय उत्तर द्यायचं ते मी बघतो." या माणसावर मी सकाळपासून डूख धरून होते. जेवताना मीच त्यांच्याकडे मीठ सरकवलं. त्याहून जास्त मला जमलं नाही.

दुपारी अंगणात पाहुण्यांनी आपल्या रीतीप्रमाणे तिकडून आणलेली वाळकी पानं पेटवून धूर केला. खोके बाहेर आणले, नळ्या ज्याच्या त्याच्या खोक्यात ठेवल्या. संग्रहालयाचा हाउसमाइस्टर, इमारतीची देखभाल करणारा माणूस, पाण्याची बादली घेऊन धुराकडे अशा नजरेने बघत होता की मला त्याच्यात माझाच भाऊ दिसला.

अधिकारीणबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "तुला वाटलं, मी सोडून दिलं त्यांना," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"सगळ्यांना वाटतं. मी मध्ये बोलले असते तर म्हाताऱ्याचं बोलणं माझं झालं असतं, सरकारचं झालं असतं. मला वाटलं, प्रोटोकोलवर सही करायची वेळ येईल तेव्हा अडवावं. तू आधीच अडवलंस." तिने धूर चेहऱ्यावर घेतला. "सगळी नोकरी मी हेच केलं बघ. आमची माणसं बोलेपर्यंत समोरच्यांना खुर्चीत बसवून ठेवायचं. बरेचदा ते उठून जातात."

मग मी तिला सांगितलं, माझे लोक कोण. पाड्याचं नाव सांगितलं, जे आता पाण्याखाली आहे. जमातीचं नाव सांगितलं. इथे आल्यापासून मी ते कुणासमोर पहिल्यांदा उच्चारत होते. तिने पुढे काही विचारलं नाही, देव नाही, गाणी नाही. नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी मी नाशिकला फोन लावला. आबा आता थकलेत, ऐकू कमी येतं, पण शनिवारी माझ्या फोनसाठी यंत्र कानात घालून बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. नळ्या, हॅट, रद्द केलेली गाडी. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "मग म्हातारा बोलला ना शेवटी?"

"बोलला."

"वा," ते म्हणाले. "वा."

आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं माझ्या तोंडून गेलं. "आबा, आपल्या पाड्याच्या सभेत काय झालं होतं? ते हरकत नाही तुम्ही लिहिलंत?"

पलीकडे काहीच ऐकू येईना. एरवी मी त्या गप्प बसण्याचा अर्थ केव्हाच लावून मोकळी झाले असते. खरं म्हणजे लहानपणापासून लावतच आले होते. त्या दिवशी मी खिडकीशी उभी राहिले आणि थांबले.

"मी नाही लिहिलं," आबा म्हणाले. "साहेबांनी लिहिलं. त्यांची गाडी उभी होती, जेवणाची वेळ झाली होती. मी म्हटलं, साहेब, थोडं थांबा, आजा बोलेल आता. दोनदा म्हटलं. मग ते उठले." त्यांना खोकला आला. "मला त्यांना बसवून ठेवता आलं नाही, पोरी."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि मग एकदम लक्षात आलं की मी गप्प आहे, आणि हजारो मैलांवर, कानातल्या यंत्राला हात लावून ते माझ्या गप्प बसण्याचा काहीतरी अर्थ लावत असतील.

"आबा," मी घाईघाईने म्हटलं, "मी आहे. ऐकतेय. आजा काय बोलणार होता, ते सांगा."